घरट्याच्या चित्राखालचं नाव चुकलंय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पक्ष्यांच्या घरट्यांवर जो लेख आला होता तो मी दोनदा वाचला, छान आहे, सुगरणीच्या घरट्याचा भाग तर कापून वहीत चिकटवून ठेवलाय. पण त्या पानाच्या मधोमध जे रंगीत चित्र छापलंय, म्हणजे शेवाळावर ठेवलेलं घरटं, आत निळी अंडी आणि शेजारी फिकट पिवळी फुलं, त्याच्याखाली चित्रकाराचं नाव विल्यम होल्मन हंट असं दिलंय. ते चुकलंय. ते चित्र विल्यम हेन्री हंटचं आहे. दोन ओळींचं पत्र पाठवूनही हे कळवता आलं असतं, पण मी एकतीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलंय आणि या माणसाबद्दल मराठीत मला कुठे काही धड वाचायला मिळालेलं नाही, त्यामुळे पत्र लांबलं तर सांभाळून घ्या, आणि जागा नसेल तर कापा, पण नाव तेवढं दुरुस्त कराच.

गोंधळ का होतो ते समजू शकतं. दोघंही इंग्रज, दोघंही लंडनचे, दोघांच्याही चित्रात पान न् पान मोजता येईल असं बारीक काम. होल्मन हंट १८२७ चा, त्याने १८४८ मध्ये मिले आणि रोझेटी या चित्रकारांबरोबर प्री-राफेलाइट नावाचा गट काढला, हातात कंदील घेऊन दार ठोठावणाऱ्या येशूचं त्याचं चित्र जगभर पोचलं. विल्यम हेन्री हंट त्याच्यापेक्षा सदतीस वर्षांनी मोठा, १७९० चा. गट काढला नाही, जाहीरनामा नाही, मोठमोठे धार्मिक विषय नाहीत. घरटी, प्लम, द्राक्षं, हॉथॉर्नची फुलं, प्राइमरोझ (तुमच्या चित्रातली ती फिकट पिवळी फुलं), एवढंच. इतकी घरटी काढली की लोक त्याला बर्ड्स नेस्ट हंट म्हणायला लागले, म्हणजे आपल्याकडे म्हटलं असतं घरटेवाला हंट. ज्या माणसाचं टोपणनावच घरट्यावरून पडलं त्याचं घरटं दुसऱ्याच्या नावावर छापलं जावं याचं मला खरंच वाईट वाटलं.

हा जन्मला लंडनमध्ये लाँग एकर भागात, २८ मार्च १७९०. वडील पत्र्याचं काम करायचे, पत्र्याच्या डब्या, ट्रे वगैरे बनवायचे आणि त्यावर काळंभोर चकचकीत वार्निश चढवायचे. पोरगा जन्मापासून अशक्त, पाय वाकडे, वाढ खुंटलेली, नीट चालता यायचं नाही. त्याच्या एका काकाचं की मामाचं (इंग्रजीत दोघांनाही एकच शब्द) बोलणं त्याच्या चरित्रात येतं, त्याचा अर्थ असा की बिचारा बिली बाकी कशाच्याच कामाचा नव्हता म्हणून त्याला चित्रकार केला.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण हेच वाक्य मी टीचर्स रूममध्ये आणि पालकसभेत किती वेळा ऐकलंय. सर, गणितात डोकं नाही, सायन्समध्ये नाही, निदान ड्रॉइंगची ग्रेड तरी मिळवू दे, वाढीव मार्क मिळतील. मुलगा शेजारी उभा असायचा, ऐकत असायचा. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या पत्रेवाल्याच्या घरात आणि आमच्या शाळेत या बाबतीत फार अंतर नाही.

पण वडिलांनी एक काम चांगलं केलं. साधारण १८०५-०६ च्या सुमाराला, म्हणजे मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना, त्याला जॉन व्हार्लीकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवलं. व्हार्ली हा निसर्गचित्रं करणारा, वॉटरकलरवाला, मनाने दिलदार, आणि पक्का ज्योतिषी, घरी येईल त्याची पत्रिका मांडायचा. शिकवण्याची त्याची पद्धत सोपी होती, बाहेर जा आणि समोर दिसतंय ते काढा. उन्हाळ्यात थेम्सकाठी ट्विकनहॅमला मुलांना घेऊन जायचा आणि हंट, जॉन लिनेल, विल्यम मलरेडी ही पोरं दिवसभर कुंपणाचे खांब, बोटीचा तुटका कोपरा, पायरीवरचं गवत असलं काहीतरी काढत बसायची. मोठा देखावा नाही, दोन हात जागा. मला वाटतं हंटच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथे आहे. १८०८ मध्ये तो रॉयल अकॅडमी या चित्रकारांच्या बड्या संस्थेच्या शाळेतही दाखल झाला पण त्याच्या हातावर अकॅडमीपेक्षा व्हार्लीच्या त्या नदीकाठाचाच परिणाम जास्त दिसतो.

दुसरा माणूस डॉक्टर मन्रो. हे बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळाचे डॉक्टर, राजा तिसऱ्या जॉर्जच्या आजारपणात त्यांनाही बोलावलं होतं, आणि यांना चित्रांचं जबरदस्त वेड. आधीच्या पिढीत टर्नर आणि गर्टिन (पुढे दोघंही नावाजलेले चित्रकार झाले) ही पोरं यांच्याच लंडनच्या घरी संध्याकाळी बसून चित्रांच्या नकला करायची आणि त्याचे पैसे आणि रात्रीचं जेवण मिळवायची. हंटला डॉक्टर लंडनबाहेर बुशीला आपल्या घरी महिना-महिना ठेवून घ्यायचे आणि दिवसाला साडेसात शिलिंग द्यायचे, काढलेली स्केचेस डॉक्टरांची. जवळच अर्ल ऑफ एसेक्सची कॅशिओबरी म्हणून मोठी इस्टेट होती, झाडी, पार्क. आता हा चालणार कसा? तर त्याच्यासाठी वर टप असलेली एक हातगाडीसारखी गाडी होती आणि एखादा माणूस किंवा गाढव ती ओढायचं, हा आत बसून चित्र काढायचा. हे दृश्य माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. झाडाखाली गाडी थांबलीये, गाढव चरतंय, आणि आत कागद मांडीवर घेऊन हा पोरगा. त्याला हवं तिथून बघता येत नव्हतं, गाडी जिथे थांबेल तिथून जे दिसेल ते. आपल्याला चित्र काढायला बाहेर नेलं की आपण अर्धा वेळ चांगला ॲंगल शोधण्यात घालवतो, त्याला ती सोयच नव्हती, त्यामुळे जे समोर येईल त्यातच त्याला सगळं शोधावं लागलं असणार.

मधली बरीच वर्षं मी पटकन सांगतो कारण ती चित्रं आज आपल्या विषयाची नाहीत. बोरूसारख्या वेताच्या लेखणीने रेघ आणि वरून पातळ रंगाचा हलका हात (वॉश) अशी इमारतींची चित्रं, ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या चॅट्सवर्थ वाड्यातल्या दालनांची चित्रं, मेणबत्तीच्या उजेडातली माणसं. पुढे खेड्यातली माणसं आणि पोरं, त्यातली एक जोडी फार लोकप्रिय झाली, एकात पोरगा भल्यामोठ्या 'पाय'वर (सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ) तुटून पडलाय आणि दुसऱ्यात खाऊन खाऊन आडवा झालाय. शेतमजूर, शिकारखान्याचे राखणदार यांची त्याने काढलेली चित्रं मात्र या विनोदी पोरांपेक्षा मला कितीतरी सरस वाटतात, लंडनच्या कोर्टॉल्ड गॅलरीने २०१७ मध्ये फक्त त्यांचंच एक प्रदर्शन भरवलं होतं. १८२४ मध्ये तो सोसायटी ऑफ पेंटर्स इन वॉटर कलर्स या संस्थेत असोसिएट म्हणून आला, १८३० मध्ये सारा हॉलोवेशी लग्न केलं, एक मुलगी झाली, हिवाळ्यात छातीला बरं पडावं म्हणून समुद्रकाठी हेस्टिंग्जला राहायचा. आणि साधारण १८३० नंतर घरटी आणि फळं यायला लागली ती शेवटपर्यंत.

आता या फळांना त्या काळी काय किंमत होती ते सांगायला हवं. रॉयल अकॅडमीचे पहिले अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स यांनी आपल्या व्याख्यानांतून चित्रांची उतरंड पक्की करून ठेवली होती, वर इतिहास आणि पुराणातले प्रसंग, मग व्यक्तिचित्रं, निसर्गचित्रं, आणि तळाला टेबलावरच्या वस्तू. स्थिरचित्र म्हणजे हाताची सफाई, डोक्याचं काम नाही असा समज. त्यात वॉटरकलर म्हणजे आणखी खालचं, ते फक्त रेखाटन समजलं जायचं, अकॅडमीच्या भिंतींवर थोराड तैलचित्रांच्या गर्दीत वॉटरकलर दबून जायचं. म्हणून तर व्हार्ली आणि मंडळींनी १८०४ मध्ये वेगळी संस्था काढली, हंट पुढे असोसिएट झाला तीच. म्हणजे हंटने निवडलेला विषय शेवटच्या पायरीवरचा आणि माध्यमही शेवटच्या पायरीवरचं. आणि माणूस, घरच्यांच्या मते, कशाच्याच कामाचा नसलेला.

आमच्याकडे तरी काय वेगळं आहे? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत वस्तुचित्र असतं ना, मुलं ते सर्वात कंटाळून करतात. सर, एवढं एक मडकं आणि दोन वांगी काढायची? हो बाळा, एवढंच. पण समोर खरं वांगं असेल तर. आता बऱ्याच शाळांत प्लास्टिकची फळं वापरतात, नासत नाहीत, वर्षानुवर्षं चालतात, कपाटातून काढली की मांडली. प्लास्टिकच्या द्राक्षावर धुरकट थर नसतो, देठाजवळ सुकलेलं नसतं, एका बाजूने मऊ पडलेलं नसतं. मग मुलगा काढतो काय, तर द्राक्ष कसं असतं ही डोक्यातली कल्पना. मी शिकवत असताना दर गुरुवारी बाजारातून स्वतःच्या पैशाने फळं आणायचो आणि चित्र झालं की पोरं ती खाऊन टाकायची, त्यात मला कधी पैसे गेले असं वाटलं नाही.

मुद्द्यावर येतो. तुमच्या लेखात चित्राबद्दल एक वाक्य आहे, अगदी फोटो वाटावा इतकं हुबेहूब. लेखकाचा हेतू कौतुकाचा आहे, मान्य, पण हंटच्या चित्राची गंमत त्यात निघून जाते. फोटोसारखं दिसणं हे त्याचं वैशिष्ट्य नाहीच. त्याचं वैशिष्ट्य पांढऱ्या रंगात आहे.

वॉटरकलर शिकलेल्या प्रत्येकाला माहितीये की पांढरा म्हणजे कागद. पांढरं हवं तिथे कागद सोडायचा, रंग पातळ ठेवायचा म्हणजे खालचा कागद उजळून दिसतो. हंट तरुणपणी तसंच करायचा. पण प्लमवरचा धुरकट थर, प्राइमरोझची पाकळी, शेवाळाची हजारो टोकं, ही सगळी कागद सोडून कशी करणार? पांढरा रंग वापरायचा तर तेव्हा शिशाचा पांढरा असायचा आणि वॉटरकलरमध्ये तो टिकायचा नाही, कोळशाच्या धुरातल्या गंधकाने काळा पडायचा, आणि लंडनच्या हवेत दुसरं होतं काय. मग १८३४ मध्ये विन्सर अँड न्यूटन कंपनीने जस्तापासून केलेला घट्ट पांढरा बाजारात आणला, चायनीज व्हाइट नावाने, तो काळा पडायचा नाही. हंटने तो उचलला आणि त्याची वेगळीच रीत बसवली. आपण काय करतो, पांढऱ्यात रंग कालवतो, म्हणजे पिवळ्यात पांढरा घातला की फिक्का पिवळा. त्याने रंग फिका खडूसारखा होतो, जीव जातो त्याचा. हंट कालवायचा नाही. जिथे फूल यायचंय तिथे आधी निव्वळ पांढऱ्याचा जाड थर द्यायचा, तो खडखडीत वाळू द्यायचा, अगदी दगडासारखा, आणि मग त्यावर शुद्ध, पातळ, पारदर्शक रंग एकाच फटक्यात लावून हात काढून घ्यायचा. परत ब्रश फिरवला की खालचा पांढरा सुटणार आणि सगळं मळणार, म्हणून दुसरा हात नाही. खालचा पांढरा थर उजेड परत फेकतो आणि वरचा रंग काचेसारखा त्यातून दिसतो. आजूबाजूचा कागद पिवळट पडला तरी ते फूल आतून पेटल्यासारखं राहतं.

आणि दुसरी गोष्ट ठिपक्यांची. प्लम जांभळा असतो म्हणून त्याने जांभळा रंग पॅलेटवर कालवला असं होत नाही. निळ्याच्या बारीक रेघा, त्यांच्या मधे गुलाबी, मधेच एखादा पिवळट किंवा हिरवा ठिपका, सगळे सुटे, एकमेकांत विणलेले, आणि हातभर लांबून बघितलं की डोळ्यात जांभळा तयार होतो, वर तो धुरकटपणासुद्धा. जॉन रस्किन, म्हणजे त्या काळचा इंग्लंडातला सर्वात मोठा कलासमीक्षक, त्याने १८५७ मध्ये चित्रकला शिकणाऱ्यांसाठी जे पुस्तक लिहिलं त्यात शुद्ध रंगांचे फटकारे एकमेकांत गुंफून मिश्र रंग कसा आणायचा हे सांगताना सरळ सांगितलंय की यासाठी विल्यम हंटचं काम सतत अभ्यासा. हे १८५७ साल आहे हे लक्षात घ्या. पॅरिसमध्ये स्यूरा या चित्रकाराने शुद्ध रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून जे मोठं काम केलं ते त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. मी असं म्हणत नाही की स्यूरा हंटकडून शिकला, त्याचा रस्ता वेगळा, त्याच्यामागे रंगशास्त्राची पुस्तकं होती. पण डोळ्यात रंग मिसळतो ही गोष्ट एका अपंग माणसाने प्लमकडे बघून बघून हाताने शोधली होती एवढं तरी सांगायला हवं की नको.

तुमच्या पुरवणीतल्या छपाईत यातलं काहीच दिसत नाही. अंडी चिनीमातीच्या गोळ्यांसारखी निळी-सपाट आली आहेत, दोष तुमचा नाही, वर्तमानपत्राच्या कागदावर तसंच येणार. मला खरं चित्र बघायला मिळालं ते चार वर्षांपूर्वी, मुलीकडे गेलो होतो तेव्हा. लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयात हंटचं प्राइमरोझ आणि घरट्याचं एक चित्र आहे पण ते भिंतीवर नसतं, वॉटरकलर उजेडात ठेवलं की उडतं म्हणून अशी चित्रं पेट्यांत ठेवतात आणि आधी वेळ घेऊन गेलं तर अभ्यासाच्या खोलीत काढून दाखवतात, कोणालाही, फुकट. मुलीने मेल करून वेळ घेतली. मी घरातून चांगला शर्ट घालून निघालो होतो. चित्र समोर ठेवलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की केवढंसं हे, शाळेच्या वहीच्या पानाएवढं असेल नसेल. मग हळूहळू डोळे बसले.

घरट्याच्या काड्या आणि केस तर दिसतातच, पण मला खिळवून ठेवलं ते मागच्या मातीने. नुसती तपकिरी माती, पण तिच्यात किती रंग होते, जांभळा, गेरू, हिरवा, एक थंड निळसर झाक, आणि कुठेही दोन रंग मळलेले नाहीत. काही ठिकाणी चाकूच्या टोकाने कागद खरवडून पांढऱ्या रेघा काढल्या आहेत, सुकलेल्या गवताच्या. आणि प्राइमरोझवर तिरकं बघितलं की पांढऱ्याचा थर कागदाच्या वर आलेला दिसतो, बोट फिरवलं तर लागेल असा. मी अर्धा तास बसलो. मुलगी म्हणाली बाबा, अजून काही मागवायचं का, मी म्हटलं नको, हेच पुरे. पंचवीस वर्षं मी मुलांना सांगत होतो की वॉटरकलरमध्ये पांढरा रंग वापरणं म्हणजे चोरी, पांढरा वाचवा, पांढरा वाचवा. परत आल्यावर मी ज्या एक-दोघांना अजून शिकवतो त्यांना म्हटलं, तो नियम नियम नाही, पोस्टर कलरची पांढरी बाटली आणा, आपण परत सुरुवातीपासून बघू.

घरट्यांबद्दल एक टोचणीही आहे आणि तुमचा लेख पक्ष्यांवरचा असल्यामुळे ती लिहायलाच हवी. ही घरटी झाडावरची नाहीत. त्याला रानात फिरता येत नव्हतं, घरटं, शेवाळाचा गड्डा, फुलं सगळं त्याच्यासमोर टेबलावर यायचं, म्हणजे कोणीतरी ते झुडपातून काढून आणलेलं असायचं, अंड्यांसकट. निळी अंडी तिथल्या डनॉक नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याची असतात, इंग्लंडात झुडपात सगळीकडे दिसतो. त्या काळी घरोघरी पोरं अंडी गोळा करायची, कोणाला वावगं वाटत नव्हतं. ब्रिटनमध्ये १९५४ च्या कायद्याने ते बंद झालं आणि आज असं घरटं उचललं तर गुन्हा आहे. चित्र बघताना हे मनातून जात नाही, आणि जाऊही नये असं मला वाटतं. ती अंडी कधी फुटली नाहीत, त्यांची पिल्लं झाली नाहीत, त्यांचा रंग तेवढा राहिला. ज्या पक्ष्याचं घर गेलं त्याचं ऋण त्या चित्रावर आहे.

आणि स्थिरचित्राचं बोलतोय तर बायकांचाही उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. व्हिक्टोरियाच्या काळात हंटसारखाच हा विषय धरणाऱ्यांमध्ये स्त्रिया खूप होत्या. नॉरविचची एलोइज स्टॅनर्ड, मँचेस्टरजवळच्या मार्था आणि ॲनी या मुट्री बहिणी. कारण उघड आहे, रॉयल अकॅडमीच्या शाळेत मुलींना मॉडेल समोर ठेवून मानवी शरीर काढायला १८९३ पर्यंत परवानगीच नव्हती, आणि तेव्हाही मॉडेलच्या अंगावर कापड ठेवूनच. शरीर शिकायचं नाही म्हणजे इतिहासचित्र करायचं नाही, म्हणजे वरच्या पायऱ्या बंद. उरलं काय, फुलं आणि फळं. मग तेच विषय बायकांचे म्हणून आणखी हलके समजायचे. एलोइज स्टॅनर्डच्या टोपलीतल्या स्ट्रॉबेऱ्या एकदा बघा, आणि मग सांगा यात हलकं काय आहे ते. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पुरवणीत कोणी लिहिला तर मी नक्की वाचेन.

हंटचे शेवटचे दिवस मानाचे गेले. १८५५ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याची वॉटरकलर गेली आणि फ्रेंच लोकांनी ती उचलून धरली. वॉटरकलरच्या त्या संस्थेच्या प्रदर्शनांत त्याने आयुष्यभरात आठशेच्या घरात चित्रं लावली असं सांगतात. १० फेब्रुवारी १८६४ ला लंडनमध्ये गेला, वय ७३, हायगेटच्या दफनभूमीत आहे. पंधरा वर्षांनी, १८७९-८० च्या हिवाळ्यात, रस्किनने लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीत त्याची आणि सॅम्युएल प्राउट या चित्रकाराची चित्रं एकत्र मांडली आणि त्यावर टिपणं लिहिली. पण तोपर्यंत घरटं आणि फळं हा विषय बाजारात एवढा पसरला होता की कोणीही उठावं आणि शेवाळावर अंडी काढावी, छापील रंगीत प्रती घराघरात लागल्या, आणि नकला करणाऱ्यांच्या ढिगाखाली मूळ माणूस दिसेनासा झाला. नक्कल करणाऱ्यांनी केस, काड्या, ठिपके सगळं उचललं. खालचा पांढरा थर उचलायला त्यांना वेळ नव्हता, तो वाळेपर्यंत थांबावं लागतं.

त्यात पुढच्या पिढीत त्याच आडनावाचा, त्याच पहिल्या नावाचा, त्याच्यापेक्षा कितीतरी प्रसिद्ध चित्रकार झाला. होल्मन हंट आणि मिलेसुद्धा तैलरंगात ओल्या पांढऱ्या थरावर रंग चढवून उजळपणा आणायचे, त्यामुळे चित्रं शेजारी ठेवली तर एका घरातली वाटू शकतात. त्यामुळे आज इंटरनेटवर नुसतं हंट आणि बर्ड्स नेस्ट टाकलं की अर्ध्या ठिकाणी नावांची सरमिसळ झालेली दिसते. तुमच्या विभागाने बहुतेक तिथूनच चित्र घेतलं असणार, एवढ्या धावपळीत असं होतं, मी राग धरलेला नाही.

विनंती दोनच. येत्या रविवारी शुद्धिपत्र टाकाल तेव्हा नुसतं 'नावात चूक झाली' असं न लिहिता पूर्ण नाव आणि सालं द्या, म्हणजे कोणाला शोधायचं असेल तर शोधता येईल. आणि जमलं तर चित्राचा फक्त एक तुकडा, डाव्या बाजूचं एकच प्राइमरोझ, पानभर मोठा करून छापा. तुमच्याकडे पुरवणीचं शेवटचं पान गुळगुळीत कागदाचं असतं, त्यावर येईल नीट. माझ्याकडे येणारी एक सातवीतली मुलगी आहे, तिने तुमचं छापील चित्र बघून मला विचारलं की सर, या फुलाचा पिवळा एवढा फिका असून उठून कसा दिसतो. मी तिला गेल्या गुरुवारी कागदावर पांढऱ्याचा एक थर देऊन ठेवायला सांगितलंय आणि रविवारपर्यंत हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. तो तुकडा छापून आला तर तिला शेजारी ठेवून बघता येईल.

चित्राखाली एवढंच हवं : विल्यम हेन्री हंट, १७९०–१८६४, वॉटरकलर.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, मिरज